चादरींच्या खोलीतली पाच मिनिटं

२०४७ साली नर्सच्या कॉलरला मन मोजणारी चकती लागली. पेशंट गेला की शलाका सिस्टर चादरींच्या खोलीत पाच मिनिटं रडायची आणि तोंड धुऊन पुन्हा वॉर्डात उभी राहायची. चकतीला फक्त रडणं कळलं. तिने शेरा दिला, 'कामाची उमेद संपली.'

"मेट्रन, रडते म्हणून तर टिकते हो! वॉर्ड नका काढून घेऊ."

"बाई गं, चकतीपुढे माझं काय चालणार? रेवती सिस्टरची बघ, सदा हिरवी. कधी डोळा ओला नाही."

शलाकाला त्याच खोलीत घड्या घालायला बसवलं. वर्षभराने रेवती एका मेलेल्या पेशंटला चमच्याने पाणी पाजत बसलेली सापडली. चकती हिरवीच होती. रेवती त्यानंतर पुन्हा कधी बोलली नाही. मेट्रन निवृत्त झाल्या. शलाका अजून त्याच खोलीत आहे; ज्याच्यासाठी रडावं असा पेशंट तिच्याकडे आता नाही.