निळ्या शाईतले नाव

त्र्यंबकरावांचे चिरंजीव म्हणजे माझे यजमान, यजमानांचा अनंत आणि अनंताची मुलगी सुचित्रा. १९५८ साली, दारव्ह्याच्या घरी, सुचित्राने फाउंटन पेनात नवी निळी शाई भरली.

"आधी वडीलधाऱ्यांची नावे लिहून शाई पाहा," मी बजावले आणि 'त्र्यंबक' एवढे सांगून थांबले.

"आजोबांचं नाव घ्यायला अजून लाजून राहिली का, आजी?" सुचित्रा हसली आणि तिने स्वतःच 'नरहर' लिहिले.

अक्षर तिचे नव्हते. नऊ वर्षांपूर्वी निवर्तलेल्या माझ्या यजमानांचे होते.

लग्नात वर ताटातल्या तांदळात वधूचे नवे नाव लिहितो. आमच्या लग्नात ऐनवेळी सासरे घेरी येऊन पडले आणि ते लिहायचे राहून गेले. "तेवढे तुझे देणे लागतो," हे म्हणाले होते. मनात योजलेले नाव यांनी कोणालाच सांगितले नाही, आणि मागून घेणे माझ्या स्वभावात नव्हते. माहेरचे नाव सुटले; मी सर्वांची नुसती 'वहिनी' झाले.

"आजी, हात थांबत नाही गं."

"थांबवू नकोस."

निब संथपणे पुढे सरकली आणि ओळीच्या शेवटी थांबली.

"शरयू," सुचित्राने वाचले.

नकळत मी ओ दिली. देणे पूर्ण फिटले होते.