चिमणीच्या दातांचा लाडू

ट्रेडमिलवरून उतरून शालिनीताईंनी खोचलेला पदर सोडला. लगेच स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं आणि त्यातून एक डिंकाचा लाडू पुढे आला.

"हा शालिनीताईंचा. त्या चालल्या आहेत," कपाट म्हणालं.

हल्ली घरोघरी असंच होतं. जो चालेल त्यालाच गोडधोड मिळायचं. गुडघा दुखावल्यापासून बकुळाबाई नुसत्या पेजेवर होत्या, आणि आज तर त्यांचा वाढदिवस होता.

"शाले, तू खा. मी नुसती बघते," समोर बसलेल्या बकुळाबाई शाळेपासूनच्या मैत्रिणीला म्हणाल्या.

"गप गं! मोठी आली बघणारी."

शालिनीताईंनी लाडू पदरात गुंडाळला आणि शाळेत पेरू तोडायच्या तसा चिमणीच्या दातांनी तोडला. कापडातून तोडलं की उष्टं होत नाही.

"कवळीची चिमणी!" बकुळाबाई खुदकन हसल्या आणि त्यांनी अर्धा लाडू तोंडात टाकला.

"अर्धा लाडू कुणी खाल्ला?" कपाटाने विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"चिमणीने," शालिनीताई म्हणाल्या.

कपाटाने नियम तपासले.

"पक्ष्यांना चालण्याची अट नाही," ते म्हणालं, आणि त्याने आणखी एक लाडू पुढे केला.