ह्याचं म्होरं काय

पन्नास सालच्या शिमग्याला कोंडाजी मिस्त्री मुंबईहून उमरठला आला, तेव्हा आई मला घेऊन त्याच्या ओटीवर गेली. तो लोखंडी पुलांची कामं करायचा. आईने तोंड उघडलं तोच तो मोठ्याने म्हणाला, "पयलं साल उमेदवारी. जेवान आन म्हयन्याला धा रुपये. दुसऱ्या सालापासनं रोजाला सवा रुपाया."

"आन भाऊ, ह्याचं म्होरं काय हुईल?" आईने विचारलं. मिस्त्री नुसता हसला. परतताना आई म्हणाली, "मानूस भला हाय, पन जरा गर्व हाय."

त्याने मला पोटच्या पोरासारखं शिकवलं. पुलाचे पत्रे जोडणाऱ्या, ठोकलेल्या रिबिटाला एका बाजूने बोट लावायचं आणि दुसऱ्या बाजूने हातोडी मारायची. बोटाला थरथर लागली, तर रिबीट ढिलं. "मिस्त्री, आवाजावरनं पन कळतंय की," मी एकदा म्हणालो. तेव्हाही तो हसलाच.

अठरा वर्षं मी हातोड्यांच्या दणदणाटात तसंच बोट लावत आलो. त्या बोटावर घरावर कौलं चढली, दोन्ही बहिणी उजवल्या. मीही मिस्त्री झालो.

यंदाच्या शिमग्याला प्रयागबाई तिच्या मुलाला घेऊन माझ्या ओटीवर आली. आया आधी पगारच विचारतात, म्हणून मी तो सांगून टाकला. मग तिने आणखी काही विचारलं. मला तिचे ओठ हलताना दिसले, ऐकू काहीच आलं नाही. पण काय विचारत असेल ते मला ठाऊक होतं.

मी नुसता हसलो.