महारुद्र बाकड्यावर

सिद्धोधननं अकरा नावांची चिठ्ठी लिहिली, घडी घातली, आन् परत उघडून महारुद्राचं नाव खोडलं. तिथं आश्रुबाचं लिहिलं.

पाथरीचं ग्राउंड माणसांनी गच्च भरलेलं. फुटबॉलची फायनल होती. पंचांच्या टेबलाशेजारी पुण्याच्या मोठ्या क्लबाचा माणूस खुर्ची टाकून बसला होता. पांढरे बूट, काळा चष्मा, मांडीवर वही. तो कोणासाठी आलाय हे सांगायची कोणाला गरज नव्हती. आख्ख्या जिल्ह्यात मिडफिल्डला महारुद्रासारखा गडी न्हाई.

पंधरा वर्षांखाली त्याच जागी सिद्धोधन खेळायचा. तवा बी पुण्याहून माणूस आला होता. सिद्धोधननं त्या दिवशी तीन पास असे दिले, की पुढच्यानं नुसता पाय लावायचा. पुण्याच्या माणसानं तो पाय लावणारा नेला. मिडफिल्डवाल्याकडं कोण बघतंय? सिद्धोधन पाथरीतच राहिला. गुडघा गेला तसा क्लबाचा मॅनेजर झाला. पण पुण्याहून बोलावणं येईल ही आस काही गेली न्हाई. चाळिशी आली तरी अनोळखी नंबर दिसला की पहिल्या घंटीला फोन उचलायचा.

आन् हा महारुद्र, पेडगावचा. सहा वर्षांखाली आला तवा त्याला बॉल अडवता येत नव्हता. सिद्धोधननं त्याला ज्वारी काढलेल्या रानात मान वर ठेवून पळवला. खाली बघितलं की शिवी, न्हाई बघितलं की पायात धसकट. बॉल यायच्या आधी मागं बघायचं, हे त्याच्या मानंत मुरवलं. आता तो तसं बघायचा आन् ग्राउंड उठून उभं राहायचं. हॉटेलात लोकं म्हणायचे, उस्तादापेक्षा चेला लय भारी निघाला. सिद्धोधन बी हसायचा, आन् अर्धा चहा सोडून उठायचा. घरी त्याची माय तानुबाई भाकरी वाढता वाढता विचारायची, महारुद्र जेवला का रे. सिद्धोधन दुसरी भाकरी नको म्हणायचा.

महारुद्र बूट बांधत होता.

"आज तू बस," सिद्धोधन म्हणला. "गुडघा दुखायलाय तुझा."

"माझा? न्हाई उस्ताद, कुठं दुखायलाय?"

"मला दिसायलंय. माझं सगळं गुडघ्यापायीच गेलंय, मला शिकवू नको."

महारुद्रानं एकदा पुण्याच्या माणसाकडं बघितलं, एकदा उस्तादाकडं. मग बूट सोडले आन् बाकड्यावर जाऊन बसला. भांडला असता तर सिद्धोधनला बरं वाटलं असतं.

मॅच कशीबशी झाली. आश्रुबा धापा टाकत पळाला. शेवटाला समोरच्या टीमच्याच एका गड्याच्या पायाला लागून बॉल त्यांच्याच गोलात गेला आन् पाथरी जिंकली. लोकांनी सिद्धोधनला खांद्यावर घेतलं. त्यानं वरून मुद्दाम बाकड्याकडं बघितलं. महारुद्राबिगर बी जिंकता येतंय, बघा म्हणावं. महारुद्र टाळ्या वाजवत होता, सगळ्यात जोरात.

गर्दी पांगली तसा पुण्याचा माणूस जवळ आला. महारुद्राला का खेळवलं नाही, विचारलं.

"गुडघा धरलाय साहेब त्याचा. लय दिवस झाले," सिद्धोधन म्हणला. आवाज जरा बी हलला न्हाई. "असल्या गड्याचा काय भरवसा."

माणसानं चष्मा काढला.

"मागच्या आठवड्यात तो पुण्याला येऊन गेला. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे तपासलेत. काही झालेलं नाही. सही तेवढी राहिलीय त्याची."

बहिणीकडं जातो म्हणून महारुद्र दोन दिवस गेला होता, ते आता सिद्धोधनच्या ध्यानात आलं.

"मग आज परत कशाला बघायला आलात त्याला?"

"त्याला नाही. उस्तादांनाही घ्या, नाहीतर मी येत नाही, म्हणून अडून बसलाय तो," माणूस वही मिटत म्हणाला. "आज मी तुम्हाला बघायला आलो होतो."