पहिला पंखा

"आई, इथवर आलात तर आतही या ना," सून म्हणाली.

सासूबाई पंख्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी अडून उभ्या होत्या. ऐन उमेदीच्या वर्षांत त्या याच फाटकातून रोज कामाला आत जायच्या. मग परदेशातले स्वस्त पंखे आले आणि इथं कुलूप लागलं. आता 'आपला माल आपणच बनवू' म्हणत सरकारनं सवलती दिल्या, कुलूप निघालं. सुनेनं दुकानातली पक्की नोकरी सोडून इथं काम धरलं, तेव्हापासून दोघींत जेवढ्यास तेवढंच बोलणं होतं.

"सरकारचं काय, आज उघडेल, उद्या मिटेल. दुधानं तोंड पोळलंय माझं," असं सासूबाईंनी बजावून पाहिलं होतं.

आज पहिला पंखा फिरणार म्हणून घरच्या मंडळींना बोलावणं होतं.

आत पाऊल टाकताच त्या थबकल्या. वार्निशचा वास. अगदी तोच.

"इथं आमची लंबी बसायची," त्या एकदम बोलू लागल्या. "तिच्या शेजारी मी. पलीकडे रडूबाई. तिला जरा काही बोललं की डोळ्यांना धार! पण गायला लागली की मुकादमही कामं सांगायला विसरायचा. मोटरची तार गुंडाळून गुंडाळून बोटं अशी खरखरीत व्हायची... तुझे सासरे म्हणायचे, हा हात आहे की कानस?"

सून खळखळून हसली. "आता तार यंत्रच गुंडाळतं, आई. मी नुसतं लक्ष ठेवते."

"बरं झालं. बोटं मऊ राहतील." सासूबाईंनी दालनभर नजर फिरवली. "आणि शेजारी कोण असतं तुझ्या?"

"शेजारी कुणी नाही. दुसरी बाई पार त्या टोकाला."

सासूबाईंनी सुनेचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

साहेबांनी बटण दाबलं. पाती फिरली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. मंडळी चहाकडे वळली. सासूबाई मात्र सुनेला घेऊन पंख्यासमोर गेल्या आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. कपाळावरचे पांढरे केस वाऱ्यानं मागे उडत होते.

साहेब बटणाकडे वळले.

"राहू द्या," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "इतक्यात बंद नका करू."