सोमवारचं पडणं

मैनाबाई पलंग आणि भिंत यांच्या मधल्या अरुंद जागेत बसल्या होत्या. बसल्या कसल्या, पडल्याच होत्या. पण दारात शेजारच्या खोलीतली मथुरा दिसताच त्यांनी पदर सावरला आणि खाली काहीतरी शोधायला बसलोय अशा थाटात एक पाय दुमडून घेतला. दुसरा पाय दुमडेना.

"घंटी नोको वाजवू," त्या म्हणाल्या. "आधी दार लाव."

मथुराने दार लावलं. ओट्यावर चहाचं भांडं करपत होतं. तिने गॅस बंद केला.

हिंदी मुलखातल्या रिसालीतल्या त्या इमारतीत खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या बायांसाठी बारा खोल्या होत्या. ज्या आपलं आपण करू शकतात, त्यांच्यासाठी. प्रत्येकीचा गॅस वेगळा, कुलूप वेगळं, किल्ली आपल्या कमरेला. उशाशी एक लाल दोरी. ती ओढली की ऑफिसात घंटी वाजायची आणि देखरेखीला असलेली नीतू धावत यायची. सोय चांगलीच होती. पण वर्षात दोनदा पडल्याची नोंद झाली, की बाईला वरच्या मजल्यावर नेत. तिथे गॅस नाही, किल्ली नाही, न्हाणीच्या दाराला आतून कडी नाही.

मैनाबाईंचं एक पडणं होळीच्या सुमारास रजिस्टरात नोंदलं गेलं होतं. दुसरं सोमवारचं. ते फक्त मथुराला माहीत होतं. तिनेच त्यांच्या डोक्याला बर्फ लावला होता आणि तिनेच फरशी पुसली होती.

"हात दे," मैनाबाई म्हणाल्या. "सोमवारी उठली होती ना मी? आजही उठन."

मथुराने दोन्ही काखांत हात घालून जोर लावला. मैनाबाई वीतभर वर आल्या आणि पुन्हा खाली बसल्या. दोघींना धाप लागली. मथुराही बहात्तरची होती.

"बाई, तुमचं आंगच साथ देऊन नाही राह्यलं. नीतूले बोलावू द्या."

"आन मंग? रुक्माले पाह्यलं ना तू? वर गेली, तवापासून आपल्या हातानं कपभर चहा नाही केला तिनं. सात वाजता झोपवतेत तिले, लेकरावानी." मैनाबाईंनी तिचं मनगट धरलं. "माह्या गळ्याची शपथ हाय तुले."

मथुरा त्यांच्याजवळ खाली बसली. जरा दम खाऊ, मग पुन्हा उठवून पाहू, असं तिने ठरवलं. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं.

"तो चमचा दे वं," मैनाबाई म्हणाल्या.

"चमचा कायले?"

"मले दिसत नाही ना त्याच्याबिगर."

त्या उशीजवळच्या चष्म्याकडे बोट दाखवत होत्या. मथुराने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. डावीकडचा ओठ खाली ओघळला होता. मैनाबाईंना ते कळलेलं नव्हतं. त्या चमचा मागत राहिल्या.

मथुरा उठली आणि तिने दोरी ओढली.

ऑफिसात घंटी वाजली.

नीतू आली, तिने फोन केला आणि दहा मिनिटांत अँब्युलन्स आली. सोबतच्या माणसाने मैनाबाईंच्या डोळ्यांत टॉर्च मारला आणि पट्टा बांधून बीपी पाहिलं. त्यांना स्ट्रेचरवर घेता घेता त्याने विचारलं, "अम्मा को सिर में चोट लगी थी क्या, इधर दो-चार दिन में? खून पतला करने की गोली चालू है?"

"नहीं भैया," नीतू म्हणाली. "गोली का पता नहीं. होली के बाद कभी गिरी नहीं. रजिस्टर में कुछ नहीं है."

मैनाबाईंचा उजवा हात मथुराच्या हातात होता. त्या हाताने एकदा घट्ट दाबलं. मथुराने वर पाहिलं. मैनाबाईंचे डोळे तिच्यावरच होते आणि त्यांना सगळं समजत होतं.

"सोमवार को गिरी थीं," मथुरा म्हणाली. "ओटे का कोना लगा, सिर के पीछे. गोली रोज़ खाती हैं."

मराठीत ते तिच्या तोंडून निघालं नसतं.

त्या माणसाने फोन काढला आणि डोक्याला मार, चार दिवस झाले, असं पुढे हॉस्पिटलात कळवलं. मैनाबाईंनी आपला हात हळूच सोडवून चादरीखाली घेतला. त्यांनी पुन्हा मथुराकडे पाहिलं नाही. जिन्याजवळून स्ट्रेचर वळलं, तेव्हाही नाही.

बाया आपापल्या दारांत उभ्या होत्या. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर एकेकीने दार लावून घेतलं. कड्या लागल्याचा आवाज एकामागून एक येत राहिला.

नीतू रजिस्टर घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसली.

"काकू, सोमवारीच कावून नाही सांगितलं मले? चार दिन! कुछ हो जाता तो?"

नीतूने तारीख लिहिली, वेळ लिहिली, मैनाबाईंचं नाव लिहिलं. मग पेन थांबवून तिने वर पाहिलं. आता तिच्या आवाजात राग नव्हता.

"आन तुम्ही, काकू? तुम्ही तर नाही ना पडल्या कधी?"

"मी कायले पडू, पोरी," मथुरा म्हणाली, आणि पदर कोपराच्या खालपर्यंत ओढून घेतला. तिथला निळा डाग अजून पिवळा पडायचा होता.