झिरो दिसला का?

"कहाँ है झिरो? मेरे को दिखाओ तो!"

हेल्मेटवाले काका स्कूटीवरूनच ओरडले आणि दीक्षाच्या हातातलं नोझल तसंच हवेत राहिलं. कारण झिरो खरंच दिसून नव्हता राहिला. मशीनवरची आकड्यांची काच पार पांढरीफटक झालेली, आत काहीतरी लाल लाल चमकून राहिलं होतं, पण ते झिरो आहे का आठ, कोणाले कळणार?

अन् ती काच दीक्षानंच सकाळी घासलेली! सिलतराच्या कारखान्यांकडून वारा सुटला की शंकर नगरच्या या पेट्रोल पंपावर मशिनींवर काळी भुकटी बसते, ओल्या फडक्यानं पुसा तर नुसती पसरते. पोरीच्या नोकरीचा पहिलाच महिना, उत्साह दांडगा. घरून भांड्याची तारेची घासणी आणली अन् कढई घासावी तशी घासली पूर्ण मशीन. पत्रा चकाचक झाला. काच प्लास्टिकची निघाली.

"काय केलं वं तू हे?" बाजूच्या मशीनवरून रणजित हळूच म्हणाला. "शिशिर सरनं पाह्यलं तर उद्यापासून घरी बसशील. मागच्या पोट्ट्याले नुसतं नोझल पाडलं म्हणून काढलं त्यानं."

"मले काय माहीत काच प्लास्टिकची असते!"

"मैडम, पेट्रोल डालोगी कि मीटिंग चल रही है?" काकांनी हॉर्न दिला. मागं लाईन लागलेली, तेही हॉर्न मारून राहिले.

"झिरोच है भैया, सच्ची में. नहीं तो आप उस मशीन पे चले जाओ ना."

"क्यों जाऊँ? यहीं लाईन में लगा हूँ. बिना झिरो देखे एक बूँद नहीं लूँगा. ऐसे ही लूटते हो तुम लोग."

लूटते हो म्हटल्यावर दीक्षाचा चेहरा असा पडला ना! अन् नेमकं तेव्हाच ऑफिसचं दार उघडलं. शिशिर सर. लाईन पाहून सरळ तिच्याच मशीनकडे निघाले.

झालं. दीक्षानं नोझल जागेवर अडकवलं, सगळ्यांकडे पाठ केली, कपाळ काचेवर टेकवलं अन् रडू लागली. अगदी मुकाट्यानं, खांदे तेवढे हलून राहिले.

"ए दीक्षा! सर येऊन राहिले, सरळ उभी राह्य!"

तिनं डोकं मागं घेतलं. तर काचेवर कपाळाएवढा गोल डाग, अन् त्या गोलात लख्ख लाल झिरो!

तिनं कपाळाले हात लावला. हात पाह्यला. काच पाह्यली. सरिताताईनं, म्हणजे तिच्या आईनं, सकाळी वेणी घालताना एवढं खोबरेल थापलं होतं की ते कपाळावर ओघळून आलं होतं. काचेच्या ओरखड्यांत तेल बसलं अन् काच साफ! मग काय, दोन्ही हात भांगावर, वेणीवर, परत काचेवर, परत वेणीवर. भाव दिसला, लीटर दिसले, सगळे झिरो एका रांगेत उभे.

"क्या भीड़ लगा रखी है?" सर पोहोचलेच. मशीनकडे पाह्यलं, भुवया वर गेल्या. "अरे वा! मशीन तो चमका दी तुमने."

दीक्षानं तेलाचे हात पाठीमागं लपवले.

सरनं नाक वर केलं. एकदा हुंगलं, परत हुंगलं. "ये नारियल तेल की खुशबू कहाँ से आ रही है?" अन् बोट पुढं करून काचेकडेच नेलं. रणजितनं जमिनीकडे पाह्यलं. ते बोट काचेले लागलं असतं ना, तर सगळंच संपलं होतं.

"मेरे बालों से," काका म्हणाले.

सगळ्यांनी काकांकडे पाह्यलं.

"घरवाली रोज चुपड़ देती है. आपको कोई तकलीफ?"

सरचं बोट तिथंच थांबलं. "नहीं नहीं, अंकल जी, मैं तो बस ऐसे ही..." म्हणत ते हवा भरायच्या मशीनकडे निघून गेले, मागं वळूनही नाही पाह्यलं.

काकांनी हेल्मेट काढून आरशाले अडकवलं. रुमाल काढला. तोंड पुसलं, मान पुसली, अन् मग डोकं पुसलं. पूर्ण डोक्यावर एक केस नाही! ऊन पडून असं चमकून राहिलं होतं ते.

दीक्षा नोझल उचलून पाहतच राहिली.

"देख क्या रही है बेटा?" काका म्हणाले. "झिरो ही है. डाल."